सन ना वार, पुरनाची पोळी

पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या साली माझा जलम, आसं आई म्हनायची, तारीख कुनाला ठावं. माहेर करमाडच्या अंगाला, बाप मेंढरं राखायचा, लगीन झालं ते बी जवळच्याच वाडीत. मग काय, चूल. काय सांगू तुमाला, पावसाळ्यात वल्या पऱ्हाट्या पेटायच्या नायत, फुंकनी घिऊन फुंक फुंक फुंकायचं, डोळ्यातून पानी, नाकातून पानी, पर घरभर मान्सांच्या भाकरी व्हायच्याच. बिडी म्या कधी वढली नाय. मालक वढायचे, धूर मी खाल्ला, चुलीचा बी आन त्यांचा बी.

मालक गेल्यावर ल्योक रमेशनं मला इथं शहरात, पुंडलिकनगरला आनलं. मोतीबिंदू काढायचा म्हनून आधी छातीचा फोटो काढला, तर त्यात डाग निघाला. मग मशिनीत घातलं, सुई टोचून तुकडा तपासायला धाडला. म्या इचारलं काय निघालं, तर रमेश म्हनला काय नाय आई, जुना कफ हाय. बरं म्हनलं.

पर दुसऱ्याच दिवशी सून, सुनंदा, म्हनती आत्या, तुमाला काय खावंसं वाटतं. सन नाय, वार नाय, पुरनाची पोळी. मग शिरा. लेक पैठनहून यष्टीनं आली ती पेढे घिऊनच. आवो, मला शुगर हाय, ही सुनंदा चहात चिमूटभर साखर घालू देत नाय, आन तीच वाटी भरून शिरा म्होरं ठेवती. तवाच मला उमगलं. माझी सासू जायला टेकली तवा म्या बी तिला आसंच इचारलं व्हतं, शेजारनीकडून गहू आनून लापशी केली व्हती.

रमेशला म्होरं बसवलं. म्हनलं गोडधोड पुरं झालं, खरं सांग. त्यानं मान खाली घातली, म्हनला कॅन्सर हाय, फुफ्फुसाचा, गाठ बारकी हाय, पर या वयाला तुला चिरफाड सोसायची नाय, म्हनून आमी सगळ्यांनी ठरवलं सुखानं राहू द्यावं. सगळ्यांनी म्हंजी कुनी रं, मला कुनी इचारलं? राग लई आला, पर आधी रडूच आलं. थकले मी, खोटं कशाला बोलू, पर मरायचं मलाच हाय ना, मग ठरवायचं बी म्याच.

मंग डाक्टरीनबाईम्होरं मीच बसले. ती म्हनली आजी, गाठ हाय तिथंच हाय, पसरली नाय, नुसत्या वयावरून आमी नाय म्हनत नसतो, दम बघतो, काळीज बघतो, आपरेशन नाय झेपलं तर मशिनीतून किरनांचा शेक द्यायचा बी इलाज हाय. नळीत फुंकायला लावलं. म्हनलं बाई, फुंकायचं मला नका शिकवू, हयात त्यातच गेली. जिना चढवला, तो बी चढले. म्हनलं काढा.

फुफ्फुसाचा एक भाग काढला. सोपं नव्हतं, खोकला आला की बरगडीत कळ उठायची, नको नको व्हायचं. आजून बी जिन्यात मधी बसावं लागतं. तपासनी जवळ आली की जीव टांगनीला. डाक्टरीनबाई म्हनती सध्या साफ हाय, बघत राहायचं. बघू. पुढचं कुनाला ठावं.

घरी आल्यावर बी सुनंदाचं गरम गरम वाढनं चालूच व्हतं, मी दोन घास खायची आन ताट सारायची. परवा ती घाईत व्हती, कालची शिळी भाकर आन तेल-चटनी म्होरं ठेवली, वर वरडली बी, आत्या, चहात साखर कुनी घातली? लई दिसांनी पोटभर जेवले. जायला टेकलेल्या मान्साला कुनी शिळं वाढत नाय, आन वरडत बी नाय. देव माझ्या सुनेला सुखात ठेवो.