पेजेचे पंधरा दिवस

आरोंद्याला तरीवर होडीची वाट बघत होतो. शेजारी एक तान्हं पोर किंचाळत होतं. त्याची आई आणि पाटी घेऊन बसलेली मासेवाली बोलत होत्या.

"कधीपासून रडता गो?"

"म्हयनो झालो, मावशी. रोज तिनीसांजा सुरू होता. सासू म्हणता, तू बांगडे खातंस म्हणान झिलाच्या पोटात दुखता."

"मगे सोडलंस?"

"पंधरा दीस नुसती पेज जेवतंय."

"आणि रडना थांबला?"

"खंय थांबता!"

"हाड हडे, माझ्याकडे दी तेका. असो हातार पालथो घालूचो आणि पाठ थापटूची. वारो धरता पोटात. तीन-चार म्हयन्यांचो झालो की आपसूक थांबता."

थोड्या वेळानं मासेवालीच्या हातावर पोरानं ढेकर दिला आणि डोळे मिटले.

"निजलो गो बाय! घे तुझो झील."

"रवांदे जरा तुझ्याकडेच. पाटयेत काय आसा, मावशी?"

"बांगडे."

"चार घाल. सासूक सांगतंय, झील बांगड्यांच्या वासातच निजलो."