मी जंगल धुऊन टाकलं

मी यमुना, तळवलीची, जन्म इथलाच आनि लग्नही गावातच, माहेर-सासरच्या मध्ये चार घरं, रुसून जायचं म्हटलं तरी पाय दुखत नसत. आता जिथं टावर दिसतात ना, तिथं आमचं भाताचं शेत होतं, खाडीच्या बांधापर्यंत. लावनीच्या दिवसांत सगळ्या घराचे कपडे चिखलानं ताठ व्हायचे आनि धुवायचे मी, थोरली लेक ना. मग शेत शहरासाठी गेलं, बांध गेला, चिखल गेला, कपडे धुनं तेवढं माझ्याकडं राहिलं. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा घनसोलीत एका बिल्डिंगखाली कोळशाची इस्त्री मांडली, धुऊन पन देते, पंचवीस वर्षं झाली. काय सांगू तुमाला, शाई म्हना, हळद म्हना, गंज म्हना, माझ्या हातून एकही डाग वाचला नाय. काळी कॉलर घेऊन परत गेलेलं एक गिऱ्हाईक मला दाखवा.

तर गेल्या वर्षी आमची मागची खोली बघायला मैथिली आली. खांदेश्वरची पोरगी, केस आखूड, बोलनं फटाफट. मावशी, आमी पिच्चर बनवतोय, दीड महिना खोली पायजे. कसला पिच्चर गो, मी विचारलं. तर म्हने चार शिकलेली पोरं नोकऱ्या सोडून जंगलात राहायला जातात, आपल्या हातानं घर बांधतात, नाचनी पेरतात, ती कुनाची नोकर नाय आनि त्यांचा कुनी नोकर नाय. मी म्हटलं, याला पैसा लावनारा शेट कोन? शेट नाय मावशी, शेट आला की गानी घाल म्हनतो, आमी फोनवर लोकांना सांगितलं, ज्याला पटलं त्यानं दिलं. म्हंजे वर्गनी, मी म्हटलं, गनपतीला काढतात तशी. हो, तशीच, म्हनाली. मला आवडलं ते. मग मी पन माझी वर्गनी दिली, खोली अशीच दिली, भाडं नाय घेतलं. माझी धाकटी जाऊ बेबी, ती कपाळाला हात लावून म्हनाली, जाऊबाय, आता घर विका आनि हिरोईन व्हा.

रोज सकाळी ती पोरं गावामागच्या डोंगरावर जायची, तिथं झाडीत त्यांनी कुडाची झोपडी उभी केलेली, आनि परत यायची ती लाल मातीनं अशी माखलेली की मला बघवत नसे. मी मैथिलीला म्हनायची, अगं आई काय म्हनेल तुमची. ती नुसती हसायची, घाईत असायची.

एका सोमवारी त्यांना सुट्टी होती, सगळी आपापल्या घरी गेलेली. मी खोली झाडायला गेले तर भिंतीला चार खिळे, चार खिळ्यांना चौघांचे कपडे, मळके, फाटके, आनि प्रत्येकाला आकडा लिहिलेली चिठ्ठी टाचलेली. आता आमच्या धंद्यात कपड्याला चिठ्ठी लावली म्हंजे तो धुवायला टाकला. मला वाटलं, बोलायला लाजली असतील बिचारी, म्हनून चिठ्ठ्या लावून ठेवल्या. मग काय, सोड्यात भिजवले, ब्रश मारला, शर्टांना नीळ दिली, खळ दिली, उन्हात कडक वाळवले, फाटलेली बाही शिवली, तुटलेलं बटन लावलं आनि विजारीला अशी इस्त्री मारली की कडेनं भाजी चिरावी. घडी घालून खाटेवर ठेवले. मी खूश.

दुसऱ्या दिवशी मैथिलीनं दार उघडलं आनि खाटेवर बसूनच राहिली. ओरडली असती तर बरं होतं. मावशी, तुमी जंगल धुऊन टाकलं, एवढंच म्हनाली. मग तिनं समजावलं. चार आठवडे रोज थोडे थोडे मळवलेले कपडे ते, कंटिन्यूटी म्हनतात त्याला. झोपडीच्या आतलं शूटिंग झालेलं, बाहेरचं राहिलेलं, म्हंजे मानूस मळक्या शर्टानं दारातून निघनार आनि बाहेर पाऊल टाकतो तर शर्ट नवाकोरा. हातात तीनच दिवस, नंतर त्या चौघांतली हिरोईन परदेशी शिकायला जानार. चिठ्ठ्यांवर सीनचे नंबर होते. मी डोकं धरलं. लोकांच्या वर्गनीचा पिच्चर आनि माझ्या हातानं बुडाला.

पोरांनी चहाचं पानी लावून बघितलं, गेरू लावला, मेकपचा काळा रंग लावला. मैथिली कॅमेऱ्यात बघायची आनि मान हलवायची. रंग दिसतो मावशी, मळ दिसत नाय.

तेव्हा मी म्हटलं, जुने फोटो दाखव. मोबाईलवर एकेक फोटो मोठा करून बघितला. अहो, मळ कुठं बसतो ते धुनाऱ्याला नाय कळनार तर कुनाला? हा डावा खांदा काळा, म्हंजे याच खांद्यावर लाकडं वाहिली. इथं कमरेला बोटं पुसली. ही बाही चुलीच्या धुरानं पिवळी. मी म्हटलं, एक दिवस दे आनि कपडे माझ्या ताब्यात दे.

बेबीला घेतलं, शेजारच्या दोघींना घेतलं. चौघींनी पोरांच्या विजारी आनि शर्ट चढवले, साठीच्या बाया आमी, बेबीची विजार कमरेला बसेना, ती सुतळीनं बांधली, आनि ती म्हनते, जाऊबाय, सासूबाई वरून बघत असतील तर खाली उतरून येतील. हसून हसून डोंगर चढलो. मग दिवसभर काम केलं. नाटक नाय, काम. कोयत्यानं लाकडं तोडली, डाव्या खांद्यावर वाहिली, झोपडीपुढची जमीन खनली, खाली ओढ्यावरनं पानी आनलं, चुलीवर भात रांधला, हात कमरेला पुसले. किती वर्षांनी कुदळ धरली असेल मी, शेत गेल्यावर पयल्यांदाच. हाताला फोड आले पन हात विसरले नव्हते. घाम आला, घामावर माती बसली, मातीवर धूर बसला. बाही मीच शिवली होती, मीच परत फाडली.

उतरत्या उन्हात मैथिलीनं फोटो बाजूला धरून एकेक शर्ट बघितला, कॅमेऱ्यातून बघितला, आनि येऊन गळ्यात पडली. मी म्हटलं, लांब हो, तुझा शर्ट धुवावा लागेल मला.

उरलेल्या दिवसांत त्यांचं शूटिंग पुरं झालं. पुढं काही महिन्यांनी तिनं फोन केला, मावशी, शेवटी सगळ्यांची नावं येतात, त्यात तुमचं घालते. मी म्हटलं, एकटीचं नको. खनलं चौघींनी, नाव एकीचं कसं? घालायचं तर चारी घाल, नायतर राहू दे. ती म्हनाली, चुकलं मावशी.

आता परवा आमच्या समाज मंदिरात पडदा लावून पिच्चर दाखवला. झोपडीचं दार आलं तेव्हा मी बेबीचा हात घट्ट धरला. पोरगा आतून निघाला, बाहेर आला, डोंगराकडं बघत उभा राहिला. आतला मळ चार आठवड्यांचा, बाहेरचा आमचा एका दिवसाचा, आनि अख्ख्या मंदिरात एकालाही शिवन दिसली नाय. शेवटी पडद्यावर आलं, कपडे आनि कष्ट, खाली आमची चार नावं. बेबीला वाचता येत नाय, मी बोट दाखवून सांगितलं, हे तुझं. ती उभीच राहिली, मागचे ओरडले, बाय, बस खाली, तरी बसेना.

पोरं त्या पिच्चरमधी जंगलात टिकतात का नाय, ते तुमी बघा, मी नाय सांगनार. मैथिलीला मात्र मी सांगून ठेवलंय, देव तुला शेट न देवो, मानसं देवो.