आबांची काळी दोन

जलम माझा इनामगावचा, घोडनदीच्या काठचा. घरात कुणी पखवाज वाजवणारं न्हाई, चामडं मढवणारं न्हाई. हे मी माझ्या जिवावर शिकलो, कुरकुंभच्या कंपनीत पाळ्या करत, सुट्टीच्या दिवशी सोलापूरच्या एका म्हाताऱ्या कारागिरापाशी बसून. मग दौंडात दुकान टाकलं. भाव मी सांगीन तोच, आन् कुणी जास्ती घासाघीस केली तर त्याचाच पखवाज त्याच्या खांद्यावर देऊन वाटेला लावतो. लोक तापट म्हणतात. व्हय, हाय मी तापट.

काय सांगू तुम्हाला, पखवाज लावणं म्हंजी नुसतं वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकणं न्हाई. आधी मी इचारतो, गाणार कोण आन् पट्टी कुठली, म्हंजी पेटीवरची कुठली जागा धरून गाणार. शाईची, म्हंजी काळ्या लेपाची बाजू त्या सुराला चढवायची. मग इचारतो, म्हणणार काय. गवळण असली तर डाव्या बाजूच्या चामड्याला भिजवलेली कणीक पातळ लावायची, बोल हलका उडाला पाहिजे. करुणेचा अभंग असला तर कणीक जाड, मग घुमारा पोटातनं आल्यागत येतो.

मी ज्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचो, तिथले आबा काळी दोनात गायचे, म्हंजी पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवरच्या उंच सुरात. भीमेच्या अंगाला त्यांची बागायत, गावात शब्दाला वजन, आन् गळा असा की माईक नको. चार वर्सांमागं पेटीवाला रंगनाथ दुकानी आला, म्हणाला, आबांना वरचा सूर लागंना झालाय, पखवाज जरा उतरव, पण बोलू नको. त्याच्या पेटीला चेंजर हाय, पट्ट्यांची सगळी फळीच सरकते. बोट काळी दोनवरच दिसायचं, सूर मात्र खालचा निघायचा. मी पांढरी दोन लावली, अर्धा सूर खाली. पुढच्या वर्सी आणखी खाली, काळी एक. आबा खूश, म्हणायचे, बघा, या वयात बी माझी काळी दोन हाय. आम्ही मान हलवायचो. थोर माणूस, कोण सांगणार. आन् खरं सांगू, सुराला सूर मिळाला की मला बी गोड वाटायचं.

मग कारेगावच्या कार्यक्रमात रंगनाथची पेटी दुरुस्तीला गेलेली. तिथल्या मंडळाची पेटी होती, साधी, बिनचेंजरची. आबांनी तिथल्या पेटीवाल्याला सांगितलं, काळी दोन धरा. त्यानं धरली. माझा पखवाज खाली, पेटी वर, आन् आबांचा आवाज मधीच फाटला, वाळलं फडकं फाटावं तसा. आबांनी टाळ खाली ठेवले आन् माईकवर म्हणाले, ह्यो माणूस लबाड हाय, उतरलेला पखवाज गळ्यात घालून आलाय. लोक हसले. मी रंगनाथकडं बघितलं, त्यानं डोळ्यानंच नको म्हणलं. मी पखवाज उचलला आन् निघालो.

सहा महिने त्यांच्या वाटेला गेलो न्हाई. मनात एकच, आधी त्यांनी शब्द मागं घ्यावा. त्यांचा आवाज ऐकला होता मी, त्यात खरखर होती, ती वयाची न्हाई हे कानाला कळलं होतं. तरी गप बसलो. रागानं बसलो.

परवा रंगनाथ मंडळाचा पखवाज घेऊन आला. म्हणाला, आणखी उतरव. चेंजर तळाला लागलाय, पेटी आता खाली जात न्हाई, ती बंद ठेवून नुसत्या पखवाजावर भागवू. आबा दोन म्हैने पेजेवर हायेत, घास उतरत न्हाई. दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणतात, गळा दुखत असता तर काळी दोन लागली असती का.

ते ऐकलं आन् हातातली हातोडी खाली ठेवली. म्हणलं, आबांना हितं आण, तवाच हात लावीन.

काल दुपारी आले. कॉलरीत मान बारीक झालेली. मी त्यांच्यासमोर गठ्ठे ठोकत पखवाज खऱ्या काळी दोनला आणला, थाप दिली आन् म्हणलं, आबा, सूर लावा.

त्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा लावला, पुन्हा हवा. मग पखवाजाकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

“किती वर्सं?”

“चार.”

“चार वर्सं तुम्ही मला गाऊ दिलं,” आबा म्हणाले, “का मरू दिलं रे?”

रंगनाथ रडायला लागला. मला ते बी जमलं न्हाई.

सोमवारी पुण्याला न्यायचंय, मोठ्या डॉक्टरला दाखवायला. गाडी मीच ठरवली, भाव केला न्हाई. मी पुढं डायवरपाशी बसणार, मागं त्यांच्या शेजारी बसायची माझी छाती न्हाई. देवानं गाणं न्यावं, पण घास उतरंल एवढा गळा ठेवावा. लबाड म्हणालेलं त्यांनी अजून मागं घेतलं न्हाई. आता वाटतं, नकोच घेऊ.