शीड उतरवाची जागा

मी भोई. मोताळ्याच्या अंगाले आमचं गाव होतं, ते धरनात गेलं, तवा मी मायच्या कडेवर होतो. गावासंगं गावदेवीचं देऊळबी गेलं, ते पान्याखाली तसंच उभं हाय. काय सांगू ताई तुमाले, गाव सुटलं पन देवी सुटली नाई. कोनी बीबीले गेलं, कोनी साखरखेर्ड्याले, पन लेकीचं बाळंतपन जवळ आलं का समदे इथं येतात, माही अख्खी नाव ठरोतात, आन देवळाच्या वरच्या पान्यात देवीची ओटी सोडतात.

तुमी इचारलं का नावंत काय काय होते, तं आइका. मधात बसाचं. उभं राह्याचं नाई, फोटोसाठी तं नाईच नाई. दुपारची हवा पहाडाकून सुटते, शीड फिरलं का मुंडकं खाली घ्याचं, नाईतं बांबू टाळक्यात बसते. शीड खताच्या पोत्याईचं हाय, हसू नोका, माह्या बायकोनं शिवलं, वत्सलानं, एक टाका उसवला नाई अजून, ती गेली पन शीड हाय.

देऊळ सापडाची खून माह्या बापानं शिकोली. काठावरचा लिंब आन मांगची टेकडी एका रेषेत आली का शीड उतरवाचं, खाली कळस. मंग एका वादळात लिंब पडला. मी म्हनलं तिथंच जवळ पंपाची पांढरी खोली हाय, तिलेच धरू. धरली. कोनाले बोललो नाई. लोकं इचारत हेच का देऊळ, मी म्हनो हाव, हेच. इतकी मस्ती होती मले माह्या नजरेची. वत्सला दवाखान्यात पडली तवा लेकीले, शोभाले घिऊन गेलो, तिनं मायसाठी ओटी भरली, तिथंच. वत्सला नाई राह्यली.

आन औंदा उन्हाळ्यात पानी पार आटलं, कळस वर आला. मी काठावरून पाह्यतो तं कळस पार तिकडं, आन मी जिथं शीड उतरो तिथं उघडा पडला जुना मसनवाटा. ताई, रडूच आलं मले. किती लेकीबाईच्या ओट्या मी मसनात टाकाले लावल्या. वत्सलाची बी. साखरखेर्ड्याची एक म्हातारी उभी होती, ती म्हने काऊन रडतं बे, पानी तं एकच हाय, देवीले काय आपली ओटी सापडत नाई? तिचं खरं असन. पन मले पटत नाई, झोपीतबी तेच, माहीच चूक, माहीच चूक.

मंग कंबरीएवढा चिखल तुडवत गेलो, कळसाले दोर बांधला, दोराले तेलाचा रिकामा पिवळा डबा. आता पावसानं पानी चढलं, कळस बुडाला, डबा तरंगून राह्यला, तो पाहा, दिसते?

शोभा कालपासून बुलडान्याच्या दवाखान्यात हाय. डॉक्टरीन म्हनते बाळ आडवं हाय, पोरीच्या अंगात रगत नाई, काई सांगता येत नाई. जवाई हाय तिथं. मी ओटी घिऊन इकडं पळत आलो, हे पाहा, खन, नारळ, तांदूळ, हळकुंड. पन ओटी बाईनंच भराव लागते, मानसाच्या हातची कशी चालन? वत्सला नाई. काठावरच्या नव्या गावातल्या बायाईच्या हातापाया पडलो, पन मसनवाट्याचं समजल्यापासून माह्या नावंत कोनी पाय ठेवत नाई.

तुमी पुस्तकासाठी आल्या, नाव पाहाले आल्या. बसा मधात. पैसे नोका देऊ. तुमचं लगीन झालं का नाई, मालक हायेत का नाई, मी इचारत नाई, देवीबी नाई इचारनार. डब्यापाशी शीड उतरोलं का तेवढी ओटी सोडा, आन शोभाचं नाव घ्या, मोठ्यानं घ्या ताई, या खेपेले ऐकू गेलं पाह्यजे. देवी तुमचं भलं करन. बसा, बसा. मुंडकं खाली घ्या, शीड फिरून राह्यलं.