कप्पीचा व्यायाम

(कनेरगाव नाक्याजवळचं शेतातलं घर. नांदेडच्या दवाखान्यातून व्यायाम शिकवणाऱ्या पुनम मॅडमचा फोन आला आहे. मोबाइल बाजेवर, स्पीकर चालू. शिवशंकर बाजेवर, बायको द्वारकाबाई खाली तूर निवडत बसलेली.)

शिवशंकर : शून्य. दुखणं शून्य लिहा, मॅडम.

द्वारकाबाई : शून्य? मंग रोज संध्याकाळी बाम कोन चोळून घेते?

शिवशंकर : तो मानेला. मान त्यांच्या फारमात न्हाई.

पुनम : काका, खरं सांगा. उजव्या खांद्याचा सांधा बदलून वर्ष झालं, म्हणून विचारतेय. शून्य ते दहा.

शिवशंकर : आधी हे सांगा, किती आले म्हंजे पास?

पुनम : पास-नापास काही नसतं यात. सगळ्याच पेशंटना हे प्रश्न विचारतो आम्ही.

शिवशंकर : न्हाई कसं? वारंगा फाट्याचे तातेराव, माझ्या बाजूच्या खाटेवरचे. एकाच दिवशी दोघांचे खांदे बसवले तुमी. त्यांला शंभरात ब्याण्णव पडले. मुद्दाम फोन करून सांगितलं त्यांनी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा मानूस माझ्या पुढं जाते का?

पुनम : आजोबांचा हात तोंडापर्यंत गेला, टोपी घालता आली, तेवढ्यावर ते खूश आहेत. तुम्ही पडलात सेहेचाळीसचे. तुम्हाला त्या हाताकडून जास्त हवंय.

शिवशंकर : सेहेचाळीस हाय तर काका काहून म्हनता? वार्डात तर सगळे मला लेकरू म्हनत होते.

द्वारकाबाई : लेकरावानीच वागले ना तिथं. सुई पाहून भिंतीकडं तोंड.

पुनम : पुढचा प्रश्न. हात पाठीमागे नेऊन शर्ट खोचता येतो?

शिवशंकर : येतो.

द्वारकाबाई : मी खोचते.

शिवशंकर : खोचल्या जाते ना? कोन खोचते ते त्यांनी विचारलं न्हाई.

पुनम : मी ‘नाही’ लिहिते. आता, राग मानू नका, शौचाला गेल्यावर स्वच्छता करताना अडचण येते?

द्वारकाबाई : अगं माय! हे बी लिहून घेतेत?

शिवशंकर : लिहा, अडचण न्हाई. त्या कामाला डावा हात आमचा जलमापासून पास हाय.

पुनम : बरं. खांद्यावरून बॉल लांब फेकता येतो?

शिवशंकर : या वयात मला बॉल कोन देते, मॅडम?

पुनम : मग दगड म्हणा. गोफण म्हणा.

शिवशंकर : गोफण फिरत न्हाई. पन हात वर झ्याक जाते. ज्वारीवर पाखरं बसली की मी शेताच्या धुऱ्यावर उभं राहून नुसता हात वर करतो. उडतेत.

द्वारकाबाई : पुढच्या धुऱ्यावर जाऊन बसतेत.

पुनम : त्या हातानं जास्तीत जास्त किती वजन उचलता?

शिवशंकर : पाच किलो. तुमी सांगितलं तेवढं. सोयाबीनच्या टायमाला एक पोतं फकत ढकललं. उचललं न्हाई.

द्वारकाबाई : ट्रॅक्टरवर ढकललं. खालून.

पुनम : काका!

शिवशंकर : एकच. आन् व्यायामाचं बी विचारा ना. तिथं मला कोनी हरवू शकत न्हाई. कप्पीचा व्यायाम, सकाळी वीस, संध्याकाळी वीस. सहा महिन्यांत एक खाडा न्हाई.

द्वारकाबाई : हे मात्र खरं हाय, ताई. त्यात कसूर न्हाई त्यांची.

पुनम : अरे वा! असे पेशंट मिळत नाहीत. ते करताना त्रास होतो काही?

शिवशंकर : न्हाई. बादली काठावर आली की आतून जरा लचकल्यासारखं होते, तेवढंच.

पुनम : कोणती बादली?

शिवशंकर : पान्याची.

पुनम : काका, सहा महिन्यांच्या तपासणीला मी तुम्हाला एक पातळ दोरी आणि छोटी कप्पी दिली होती. दाराच्या चौकटीला बांधायची. चांगल्या हातानं ओढायचं, म्हणजे आजारी हात आपोआप वर जातो.

शिवशंकर : बराबर. पन घरी आलो तं ध्यानात आलं, कप्पी तं आपल्या हिरीवर हायेच की, चांगली लोखंडी. आन् फुकट दोरी काहून ओढायची? त्यातच पानी निघंल. तुमची दोरी शेळीला बांधली.

पुनम : विहिरीवर? तुम्ही विहिरीतून बादल्या ओढता?

शिवशंकर : मंग? मोजून वीस-वीस.

पुनम : म्हणजे रोज चाळीस बादल्या? भरलेल्या?

शिवशंकर : काठोकाठ. अर्धी बादली म्हंजे कामचुकारपना.

पुनम : काका, नीट ऐका. तुमच्या खांद्यात वाटी होती तिथं गोळा बसवलाय आणि गोळा होता तिथं वाटी. तो गोळा हाडात स्क्रूनं धरून ठेवलाय. प्रत्येक बादलीला त्या स्क्रूंना ओढ बसते. आजोबांचं आयुष्य त्या सांध्यावर निघेल. तुम्हाला अजून तीस-पस्तीस वर्षं काढायचीत त्याच्यावर.

शिवशंकर : मंग टिकते किती?

पुनम : नीट वापरला तर दहा-पंधरा वर्षं, कुणाचा जास्तही. पण सैल झाला तर दुसऱ्यांदा बसवणं सोपं नसतं. हाडच कमी उरतं.

द्वारकाबाई : ताई, हिरीवर मोटार हाय आमच्या.

पुनम : मग बादली कशाला?

द्वारकाबाई : मीच बंद ठेवली. म्हनलं, मोटार चालली तर ह्यांचा व्यायाम बुडंल. तीन म्हशी, वासरं, धुनं, समदं पानी त्यांच्याकडूनच वढून घेतलं. वरून मीच हिरीवर उभं राहून मोजत होते. एखाद दिवशी अठराच झाल्या तर दोन वाढवायला लावत होते.

शिवशंकर : तुला काय माहीत होतं?

द्वारकाबाई : मला न्हाई, पन तुमाला लचकत होतं ना? सांगायचं न्हाई?

शिवशंकर : काय सांगू? हात वर गेला तसं गावात जो तो म्हनते, याला काय झालंय, नाटकं करून राहिला. पोते लोक उचलतेत आन् मी बाजूला उभा. सत्तरीचा असतो तर कोनी बोललं नसतं. हिरीवर तरी वाटत होतं, आपन काही तरी काम करून राहिलो.

द्वारकाबाई : बोलू द्या लोकांला. पोतं उचलता येते त्यांला, उचलू द्या.

पुनम : काका, गुरुवारी या. खांद्याचा फोटो काढू. तोवर बादलीला हात लावायचा नाही. आणि शेवटचा प्रश्न राहिलाय. ऑपरेशन करून घेतलं, त्याबद्दल शंभरपैकी किती समाधानी आहात?

शिवशंकर : आता काय सांगू? पन्नास लिहा.

द्वारकाबाई : थांबा, ताई. लिहू नका. ट्रॉलीवरून पडले तवापासून साल-दीड साल हा मानूस भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपत होता. आडवं झालं की कळ मारायची. आता आडवं होतेत. घोरतेत बी. ते कुठं लिहिलं का तुमी?

पुनम : त्याला रकाना नाही, काकू.

शिवशंकर : हिच्या घोरन्याचा रकाना पहिले पाहिजे.

पुनम : मग किती लिहू?

शिवशंकर : सत्तर लिहा. आन् मॅडम, दुखण्याचं ते शून्य खोडा. तीन करा. लचकते तवा चार.

पुनम : चार लिहिते. गुरुवारी दहापर्यंत पोचा. सोबत कुणी आहे ना?

शिवशंकर : कशाला सोबत? एकटा येतो एसटीनं. लेकरू हाय का मी?

द्वारकाबाई : मी येते, ताई. सकाळच्या गाडीला लई रेटारेटी असते. डावीकडची खिडकी धरावी लागंल ह्यांच्यासाठी. मंग तो उजवा खांदा माझ्याकडं येते.