मंगळवारची ताजी मासळी

घानातल्या एल्मिना बंदरावर गाडीच्या रांगेत माझ्यामागे समुद्रापासून लांबच्या कुमासी शहरातून आलेला, कडक इस्त्रीतला एक तरुण होता. त्याच्यामागे जाळी विणणारे आमचे एबोकाका.

“काका, इथे ताजी मासळी कुठल्या खानावळीत मिळेल?”

“आज मंगळवार.”

“वार नाही विचारला, खानावळ विचारली.”

“अरे बाबा, मंगळवारी समुद्राला सुट्टी. आज एकही होडी जात नाही.”

“पण त्या अराबाबाईंच्या खानावळीच्या फळ्यावर ‘आजची मासळी’ लिहिलंय!”

“लिहिलंय आज. मासळी परवाची.”

“मेलो! होणाऱ्या सासूबाईंना जेवायला न्यायचंय. त्या जेवून झाल्यावर होकार देणार आहेत. फक्त मासळी ताजी हवी म्हणाल्या.”

“त्या पण कुमासीच्याच का?”

“छे, इथल्याच. तीस वर्षं धक्क्यावर मासळी विकतायत.”

“आणि मंगळवार कोणी ठरवला?”

“त्यांनीच. मी रविवार म्हणत होतो, तर नाहीच म्हणाल्या.”

काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“शर्ट नवा घेतलास वाटतं?”

“हो. का?”

“छान आहे. असं कर पोरा, अराबाकडेच जा. शिळी मासळी ती झकास तळते. पण एकट्यापुरतीच सांग.”