साहेबाला पाणी दिलं न्हाई

एक होती गयाबाई, म्हंजे मी, आन् एक होता माझा लेक मिलिंद. तालुक्याच्या गावात आमी घर बांधलं, तवा नळ-रस्ता देतो म्हणून नगरपंचायतीनं विकास शुल्क घेतलं. दोन उन्हाळे गेले, नळ न्हाई. सून लांबच्या हापशावरून घागरी वाहून वाकली.

मग ऱ्हाऊन गेलेल्या घरभरणीच्या जेवणाला मी नगरपंचायतीच्या मोठ्या साहेबालाच बोलावलं. मटणाचा लाल रस्सा वाढला, पाणी ठेवलंच न्हाई.

"आजी, पाणी?" साहेब नाक पुसत म्हणला.

"ते तुमच्याकडूनच यायचंय, साहेब."

मिलिंद कानाशी आला. "आये, पाव्हण्याला पाण्याला न्हाई म्हणती व्हय?"

"न्हाई कुठं म्हणते? नळ आला की देते."

पंधरा दिवसांत सगळ्या गल्लीला नळ आला. त्या दुपारी सून निवांत झोपली, लगीन झाल्यापासून पहिल्यांदाच.